कंदील पाण्यात नको, होडीत असू द्या



प्रवास म्हटला की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे तीन-चार गोष्टीच उभ्या राहतात. ऊसतोडीला जाणारा ट्रक, बांधकामाच्या कामासाठी पुण्या-मुंबईची गाडी, सोयऱ्याधायऱ्यांचे लग्न किंवा मयत, आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमी नाहीतर चैत्यभूमी. पोटासाठी प्रवास झाला, कर्तव्यासाठी झाला, श्रद्धेपोटी झाला. पण निव्वळ आनंदासाठी, नुसते डोळे भरून पाहण्यासाठी घराबाहेर पडणे आपल्याला अजून चोरीसारखे वाटते. पैसे उधळले असे वाटते. आज आम्ही अशाच एका उधळपट्टीची हकीकत सांगणार आहोत. खर्च किती झाला, तेही शेवटी सांगू. कारकुनाला हिशोब दिल्याशिवाय चैन पडत नाही.

आमची आत्या शहागडला असते. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघाले की गोदावरीचा मोठा पूल लागतो, त्याच्या अलीकडे शहागड. पुलाच्या या अंगाला जालना जिल्ह्याचा अंबड तालुका, त्या अंगाला बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका. सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव असल्यामुळे वाहनांची वर्दळ रात्रंदिवस. या पुलावरून आम्ही एस. टी.ने शंभर वेळा तरी गेलो असू. पण खाली उतरून पाण्याजवळ बसलो, असे चाळिशी उलटेपर्यंत एकदाही घडले नव्हते.

आत्याचे वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे. तिचा जन्म गोदाकाठच्या आमच्या मूळ गावचा आणि नांदणेही गोदाकाठीच. ऐन उमेदीची वीस वर्षे तिने ऊसतोडीत काढली. दर दिवाळीनंतर टोळीच्या ट्रकमध्ये बसून ती हाच पूल ओलांडायची आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत यायची. एवढा जन्म नदीच्या आवाजात गेला, पण ती होडीत कधी बसली नव्हती. हे आम्हाला परवा-परवापर्यंत ठाऊकच नव्हते.

झाले असे. थंडीची सुरुवात होती. भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही सहकुटुंब शहागडला गेलो होतो. त्या वर्षी पाऊसपाणी चांगले झाले होते. एरवी जायकवाडीच्या खाली गोदावरी बहुतेक काळ कोरडीच असते. पैठणचे धरण भरले, दरवाजे उघडले, म्हणजेच तिच्यात जीव येतो. त्या वेळी पूर ओसरून बरेच दिवस झाले होते आणि पाणी संथ होते. आमची कन्या अकरावीत शिकते. ती मोबाईलवर व्हिएतनाममधल्या होई आन या गावाची चित्रफीत आत्याला दाखवीत बसली होती. लाकडी होडी, तिच्यावर रंगीत रेशमी कंदील, आणि नदीत तरंगणारे कागदी दिवे. आत्या चष्मा सावरून पाहत राहिली आणि म्हणाली, "लई देखणं हाये गं. आपल्याकडं नदीला काय कमी हाये? पर कोण बसवतंय होडीत!"

कन्येने तेवढेच धरून ठेवले. "आजी, आपण बसू या की!"

होई आनविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. थू बॉन नदीकाठचे हे जुने व्यापारी गाव. चिनी आणि जपानी व्यापारी तिथे येऊन राहत. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच्या आदल्या वर्षापासून, म्हणजे १९९८ पासून, तिथे दर महिन्याला चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि कंदील लावतात. कंदील बांबूच्या कामट्यांवर रेशीम ताणून केलेले असतात. ते करणारे कारागीर, होडी वल्हवणारे बायाबापे, चहा विकणारे अशा कितीतरी गरीब माणसांच्या चुली त्या कंदिलांवर पेटतात. गावापाशी काय होते? एक नदी, काही जुनी घरे आणि हातातली कला. तेवढ्यावर त्यांनी जगाला आपल्या दारात आणले.

आता शहागडकडे वळू. आत्याच्या घरी भिंतीला एक जुना कंदील टांगलेला आहे. त्याला रॉकेल मिळेनासे होऊन बरीच वर्षे झाली. रेशनवरचे रॉकेल बंद झाले आणि कंदील शोभेचा झाला. आमच्या भाच्याने त्याची काच राखेने घासून लख्ख केली आणि आत चार्जिंगचा छोटा बल्ब बसवला. होडीत रॉकेल आणि पेटती वात नेण्यापेक्षा हे बरे, असे आम्हालाही वाटले. भाच्याच्या ओळखीचे एक भोई मासेमारी करतात. त्यांनी होडी द्यायचे कबूल केले. मुलांनी बाजारातून कागदी द्रोण आणि मेणबत्त्याही आणल्या. होई आनसारखे दिवे पाण्यात सोडायचे होते ना!

इथे वादाला तोंड फुटले. साखरपुड्याला आलेले आमचे एक वडीलधारे नातेवाईक समाजकार्यात मुरलेले आहेत. त्यांनी द्रोण पाहिले आणि ते कडाडले, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे काय चाललंय? गौरी-गणपती सोडले, श्राद्धपक्ष सोडला, पिंडदान सोडलं, आणि आता नदीत दिवे सोडायला निघालात? उद्या नारळ फोडा, खणानारळाने ओटी भरा!"

मुले हिरमुसली. कन्या मात्र मागे हटली नाही. ती म्हणाली, "आजोबा, व्हिएतनाम, थायलंड, लाओस इथं बौद्ध लोकच दिवे सोडतात. मग आपण सोडले तर काय बिघडलं?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. म्हणून त्या रात्री आणि नंतरही आम्ही यावर विचार केला. तो वाचकांपुढे ठेवतो.

कन्येचे म्हणणे खोटे नाही. लाओसमध्ये वर्षावास संपतो तेव्हा कागद आणि बांबूच्या दिव्यांच्या नौका मेकाँग नदीत सोडतात. वर्षावास म्हणजे आपल्याकडे आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचनाचे जे तीन महिने आपण पाळतो, तोच. जपानमध्ये ६ ऑगस्टच्या संध्याकाळी हिरोशिमा शहरात मोतोयासु नदीत कागदी कंदील सोडतात. १९४५ साली त्याच दिवशी अणुबॉम्बने जी माणसे गेली, त्यांची ती आठवण. त्यात कुणाला नवस बोललेला नसतो. पुन्हा असे होऊ नये, एवढेच मागणे असते. असा दिवा पाहून कुणाचेही मन हलेल.

पण बौद्ध देशात करतात म्हणून आपणही डोळे झाकून करावे, असे मात्र नाही. थायलंडचा लॉय क्राथाँग हा सण कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास येतो. केळीच्या खुंटाचा तुकडा, त्यावर पाने-फुले आणि मेणबत्ती असा दिवा लोक नदीत सोडतात. त्यात गंगामातेची क्षमा मागण्याचीही कल्पना आहे, आणि तिचे तिथले नावदेखील गंगेवरूनच पडलेले आहे. म्हणजे देश बौद्ध असला तरी चाल सगळी बुद्धांच्या शिकवणीतूनच आली असे होत नाही. आणि दुसऱ्या दिवशीचे दृश्यही पाहावे. २०२३ साली एकट्या बँकॉक शहरात सणानंतर नदी-तलावांतून ६ लाख ३९ हजारांवर दिवे गोळा करावे लागले. बहुतेक केळीचे, पानांचे, म्हणजे कुजणारे होते हे खरे. पण थर्माकोलचेही होते. आणि पाव किंवा पाने झाली तरी पाण्यात कुजतातच. रात्री क्षमा मागायची आणि सकाळी तिच्याच अंगावर कचरा टाकून घरी जायचे, यात कसली क्षमा?

म्हणजे प्रश्न दिवा लावण्याचा नाही. दिवा लावण्याने कुणी बाटत नाही. आपणही बुद्धवंदनेला मेणबत्ती लावतोच. दिवा कशासाठी लावतो आणि विझल्यावर त्याचे काय होते, हे पाहायचे. कुणाच्या कोपाच्या भीतीने लावला असेल तर सोडून द्यावा. उजेडासाठी लावला असेल तर खुशाल लावावा.

वाद चालू असतानाच आत्या आतून म्हणाली, "आरं, भांडता कशाला? दिवा पाण्यात कशापायी टाकायचा? होडीत असू द्या की. आपल्याला वाट दिसंल अन् दुसऱ्याला आपली होडी दिसंल. कंदिलाचं कामच ते." झाले! आजोबांचाही राग गेला. द्रोण घरीच राहिले.

काठावर गेलो तर दुसरी अडचण. आम्ही सात जण आणि होडीवाल्या मामांकडे जीवरक्षक जाकिटे चारच. भाचा म्हणाला, "जवळच तर जायचंय, बसा सगळे." इथे मात्र आम्ही हट्टाला पेटलो. दोन फेऱ्या होतील, पण जाकीट घातल्याशिवाय कुणी बसणार नाही. मुलांनी तोंडे वाकडी केली. आम्ही त्यांना काठावर बसवून दोन घटना सांगितल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातमध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत माणसे जास्त होती आणि सगळ्यांना जाकिटे नव्हती. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्याच सोलापूर-पुणे जिल्ह्यांच्या हद्दीवर, उजनीच्या पाण्यात, कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळवाऱ्यात उलटली. ६ जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. ही माणसे मौजेला निघालेली नव्हती, रोजच्या वाटेने चालली होती. नदी ओळखीची आहे म्हणून ती कुणाला सोडत नाही.

मामा हे ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, बरं केलं. लोक ऐकत नाहीत." मग त्यांनी नदीची आणखी एक गोष्ट सांगितली. ती गोदाकाठच्या प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावी. वाळू उपसून-उपसून नदीच्या पोटात खोल खड्डे झाले आहेत. वरून पाणी संथ आणि उथळ दिसते. पोरगे गुडघ्याएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकते आणि पुरुषभर खड्ड्यात जाते. पूर्वी भोयाला नदीचा तळ पाठ असे. आता दर साली तळ बदलतो. म्हणून ते ठराविक पट्ट्यापलीकडे होडी नेत नाहीत.

दिवस मावळता मावळता पहिली फेरी मुलांची झाली. दुसऱ्या फेरीत आत्या, मुलांची आई आणि आम्ही. आत्या काठावर अडून बसली. "नको रे बाबा. माझ्यापायी होडी उलटायची." दोघांनी दोन हात धरून तिला आत घेतले, जाकिटाचे पट्टे आवळले. नऊवारीवर नारिंगी जाकीट पाहून मुले काठावरून हसू लागली, तशी तीही हसली. कंदील तिने स्वतःच्या मांडीवर धरला.

मामांनी वल्हे मारले. काठ मागे गेला. वर पुलावरून ट्रकचे दिवे सरकत होते, त्यांचा घरघराट ऐकू येत होता. खाली मात्र वल्ह्याच्या आवाजाशिवाय काही नाही. कंदिलाचा पिवळा उजेड होडीभोवती हातभर पाण्यावर पडला होता. आत्या पुलाकडे बघून म्हणाली, "कित्येकदा गेले त्याच्यावरनं. टरकात मोळीवाणी बसायचो. नदी आली का लेकरं उठून बघायची अन् आम्ही त्यांला खाली दाबायचो, पडतील म्हणून. मी कधी बघितलीच नाही ही."

थोड्या वेळाने तिने विचारले, "हात घालू का पाण्यात?" मामा म्हणाले, "घाला की आजी." तिने हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ती माहेरच्या पाणवठ्याची गोष्ट सांगू लागली. ती आमच्या घरात कुणी पुरती ऐकली नव्हती. तिच्या लहानपणी गावात नदीचे दोन पाणवठे होते. वरच्या अंगाचा गावाचा आणि खालच्या अंगाचा आपला. वर लोक पाणी भरत, धुणे धूत, म्हशी बसवत, आणि तेच पाणी वाहत खाली आले की आपल्या बायका घागरी भरत. आमच्या आजीने एकदा उन्हाळ्यात वरच्या डोहातून घागर भरली म्हणून घागर फोडली गेली. फुटलेल्या घागरीचा काठ आजीने कितीतरी दिवस घरात ठेवला होता.

हे सांगून झाल्यावर तिने पाण्याकडे पाहिले. "इथं मधी कुठला आलाय वरचा अन् खालचा पाणवठा? सारं एकच पाणी हाये."

आम्हाला उत्तर सुचले नाही. होडीत कुणीच काही बोलले नाही.

वाचकहो, बाबासाहेबांच्या एका सहलीची गोष्ट आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. १९३४ साली सुमारे तीस कार्यकर्त्यांसह ते वेरूळच्या लेण्या पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा होता. हा मुलूख तेव्हा निजामाचा. आपले अंबड-शहागडही त्याच राज्यात होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून काहींनी हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली, हातघाईवर येण्याची वेळ आली. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आत सोडले, आणि त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेले बाबासाहेब, त्यानंतर सात वर्षांनी नुसते लेणी पाहायला निघाले तरी वाटेत पाणी आडवे आले!

म्हणून आम्ही म्हणतो की पाण्यावर आनंदाने जाणे ही आपल्यासाठी किरकोळ मौज नाही. ज्या पाण्याला शिवण्याचीही बंदी होती, त्याच्या मधोमध आपली आत्या कंदील मांडीवर घेऊन बसली. यासाठी कुणीतरी लाठ्या खाल्ल्या आहेत. याचा विसर पडू नये, आणि तो आनंद घेताना अपराधी वाटू नये.

पण आनंदाबरोबर शहाणपण पाहिजे. आपल्या घरचे कुणी होडीत बसणार असेल तर एवढे बघा. जितकी माणसे तितकी जाकिटे, आणि ती हातात नाही, अंगात. होडीवाला सांगेल त्याहून एकही माणूस जास्त नको. वारा सुटला, आभाळ भरून आले तर दिलेले पैसे बुडाले तरी चालतील, उतरून जा. दारू प्यालेला माणूस होडीत नको, मग तो पाहुणा असो की वल्हे मारणारा. अंधारात जायचे तर होडीवर दिवा हवाच. आणि आपण गोदाकाठचे असू तर धरणातून पाणी सोडल्याची दवंडी किंवा मोबाईलवरचा निरोप हसण्यावारी नेऊ नका. ऑगस्ट २००६ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने काठच्या गावांची काय दैना केली, ते आपण पाहिले आहे. अशा दिवसांत नदीकडे पाठ फिरवलेलीच बरी.

आता हिशोब. दोन फेऱ्यांचे होडीवाल्या मामांना ४०० रुपये. कंदिलाच्या बल्बला १२० रुपये. काठावर भजी आणि चहा १८० रुपये. द्रोण आणि मेणबत्त्यांचे ६० रुपये वाया गेले असे लिहिणार होतो, पण मेणबत्त्या दुसऱ्या दिवशी वंदनेला कामी आल्या आणि द्रोणात साखरपुड्याची बुंदी वाटली. एकूण ७६० रुपये. सात माणसांच्या संध्याकाळीला ही रक्कम फार नाही. पानसुपारी, तंबाखूवर एखाद्या घरात महिन्याला याहून जास्त जाते.

निघताना आत्याने कंदील पुन्हा भिंतीला टांगला. बल्ब काढू दिला नाही. म्हणाली, "असू दे. पुढल्या पाण्याला कामाला येईल."

आपल्या घरी अशी कुणी आत्या, मावशी, आजी असेल तर तिला एकदा विचारा, तुला काय पाहायचे राहिले आहे? उत्तर फार महागाचे नसेल. कदाचित घरापासून दोन हाकांवरच असेल. पाणी भरले आहे तोवर घेऊन जा.

जयभीम. नमो बुद्धाय.